शिरूर-दौंडच्या शिवारात उतरताना

पुण्याहून सासवड रस्त्याने जाणारा प्रवासी हडपसर ओलांडता ओलांडता सातववाडीपाशी पोहोचतो, तेव्हा इमारतींची दाटी एकाएकी संपून मोकळ्या माळाचा एक लांबट पट्टा दृष्टीस पडतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे हे ग्लायडिंग केंद्र. येथून उडणाऱ्या ग्लायडरला इंजिन नसते. माळाच्या एका टोकाला विंच नावाचे यंत्र, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मध्ये शेकडो मीटर लांबीचा दोर, अशी ही व्यवस्था. यंत्राचा रहाट वेगाने फिरू लागला की दोर गुंडाळला जातो आणि पतंगाला ओढ द्यावी तसे ग्लायडर झपाट्याने चढते. तीन-चारशे मीटर उंचीवर दोर सुटून खाली पडतो. त्या क्षणापासून वैमानिकाजवळ दोनच गोष्टी उरतात: हाती आलेली उंची, आणि ती कशी खर्च करावयाची याचा विवेक.

बहुतेक उड्डाणे काही मिनिटांतच पुन्हा त्याच माळावर संपतात. परंतु मार्च ते मे या महिन्यांत पुण्याच्या पूर्वेकडील कोरडी जमीन तापू लागली की तिच्यावरची हवा फुग्यासारखी सुटून वर चढते. वैमानिक अशा झोताला थर्मल म्हणतात. थर्मल सापडला की त्याच्यात घिरट्या घालत हजार-दीड हजार मीटर उंची मिळवावी, ती खर्चून पुढे सरकावे, पुढचा झोत शोधावा, असा हा प्रवास असतो. घार हेच करते. पूर्वी गिधाडेही करीत. उत्तर हिंदुस्थानात ई. एच. हँकिन या संशोधकाने आग्र्याच्या आकाशातील गिधाडांचे उड्डाण वर्षानुवर्षे न्याहाळून १९१३ साली पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने मेलेली गुरे गिधाडांना विषवत ठरली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या झुंडी दिसेनाशा झाल्या. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. आकाशात वर चढणाऱ्या हवेची खूण दाखविणारा तो जुना वाटाड्या वैमानिकाला आता क्वचितच भेटतो. घारी मात्र अजून आहेत.

ग्लायडिंगमध्ये रौप्य बिल्ला नावाची एक आंतरराष्ट्रीय पायरी आहे. तिच्यासाठी सलग पाच तासांचे उड्डाण, एक हजार मीटर उंचीची कमाई आणि पन्नास किलोमीटरचा पल्ला या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नकाशावर हडपसर हा मध्य धरून पन्नास किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर दौंड आणि शिरूर ही दोन्ही गावे त्याच्या थोडी बाहेर पडतात. सरळ रेषेत दौंड सुमारे सदुसष्ट किलोमीटर, शिरूर सुमारे अठ्ठावन्न. एकाच्या पायाशी भीमा, दुसऱ्याच्या पायाशी घोड. म्हणून तर शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. पुण्याच्या वैमानिकाला दूरचा पल्ला मारावासा वाटला तर वाट या दोहोंपैकी एका दिशेने जाते, आणि उंची संपली तर उतरणेही याच तालुक्यांच्या शिवारात घडते. ग्लायडरच्या भाषेत त्याला ‘बाहेर उतरणे’ म्हणतात. तो अपघात नव्हे. खेळाचाच तो एक भाग आहे. अपघात होतो तो बाहेर उतरण्याचा निर्णय उशिरा घेतल्याने.

यातील हिशेब व्यापारी माणसाला चटकन कळण्यासारखा आहे. एखादे साधारण ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येताना तीस मीटर पुढे जाते. म्हणजे हजार मीटर उंची गाठीशी असेल तर कागदावर तीस किलोमीटरचा पल्ला आहे. जुन्या लाकडी ग्लायडरांचे हे प्रमाण वीस-बावीसच्या घरात असे. काचतंतूच्या आधुनिक ग्लायडरांचे चाळीसच्या पुढे जाते. परंतु कागदावरचा पल्ला हा दुकानातल्या मालाच्या छापील किमतीसारखा असतो. प्रत्यक्षात हाती काय पडेल ते वाऱ्यावर ठरते.

या भागात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. दौंडकडे जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर. ग्लायडरचा हवेतील वेग ताशी नव्वद किलोमीटर व वारा ताशी तीस धरला, तर जाताना हजार मीटरांत चाळीस किलोमीटर सरतात. परतताना त्याच हजार मीटरांत अवघे वीस. त्यातही वाटेत खाली जाणारी हवा भेटली, सेकंदाला एकच मीटर वेगाने, तर वीसाचे नऊ-दहा होतात. वर चढणाऱ्या प्रत्येक झोताभोवती अशी खाली येणारी हवा असतेच. कारण जी हवा वर गेली तिची जागा भरून काढण्यासाठी कोठली तरी हवा खाली यावीच लागते. तेव्हा यवतवर हजार मीटर उंचीवर असलेला वैमानिक हडपसरचा माळ डोळ्यांपुढे आणून मनाशी म्हणतो की पस्तीसच किलोमीटर तर राहिले आहेत, तेव्हा त्याच्या वहीत जमेच्या बाजूला निम्मीसुद्धा रक्कम नसते. जाताना फार सहज गेलो ही आठवण त्याला फसविते.

दौंडकडची वाट आकाशातून ओळखण्यास सोपी. पुणे-सोलापूर लोहमार्ग, महामार्ग आणि खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा हे तिघे कधी जवळ येत, कधी दुरावत पूर्वेकडे जातात. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, केडगाव, पाटस ही गावे या रेषांवर ओवलेली आहेत. यवतच्या दक्षिणेला भुलेश्वराचा डोंगर. दुपारी त्याचा उघडा खडक तापतो आणि वैमानिकाला तेथे झोत मिळण्याची आशा असते. उत्तरेला मुळा-मुठा वाकडीतिकडी वाहत रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. ही दृश्ये सुंदर आहेत यात शंका नाही. पण ग्लायडरच्या वैमानिकाला त्या सौंदर्याकडे पाहताना मनाच्या एका कोपऱ्यात सतत दुसराच प्रश्न चालू ठेवावा लागतो: आता या क्षणी उतरायचे झाले तर कोठे?

कालव्याने या प्रश्नाचे उत्तर अवघड करून ठेवले आहे. दौंड तालुक्याचा कालव्याखालचा पट्टा उसाने भरून गेला आहे. वरून पाहिले तर ऊस म्हणजे मऊ हिरवा गालिचा. त्या गालिच्याची उंची माणसाच्या डोक्याच्या वर असते. त्यात उतरू पाहणारे ग्लायडर जमिनीवर उतरतच नाही. ते उसाच्या शेंड्यांवर उतरते, वेग मरतो, आणि मग दोन-तीन मीटर धप्पकन खाली आदळते. त्याहून वाईट म्हणजे एका बाजूचा पंख आधी पिकात अडकला तर सारे विमान त्या पंखाभोवती गरकन फिरते आणि शेपटीचा भाग मोडतो. म्हणून शिकवणारे सांगतात की हिरवे दिसले की पुढे बघा. ज्वारी काढून झालेले रान, धसकटे उभी असली तरी, उसाच्या शंभर पट बरे. नुकते नांगरलेले काळे रान दिसायला मोकळे असते, पण मोठाल्या ढेकळांत चाक रुततें आणि नाक जमिनीत शिरते; तेथे उतरावेच लागले तर तासांना समांतर उतरावे, तासे ओलांडून नव्हे.

मात्र ऊसच वैमानिकाला एक मदतही करतो. केडगावची गुळाची पेठ व्यापारी वाचकांना परिचित आहे, आणि त्या पेठेला माल पुरविणारी गुऱ्हाळे या भागात पसरलेली आहेत. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघणारा धूर आकाशातून कितीतरी लांबून दिसतो. धूर सरळ वर गेला तर वारा नाही. आडवा पडून जमिनीलगत पळत सुटला तर वारा सोसाट्याचा आहे, आणि तो कोणत्या दिशेचा हे निराळे सांगावे लागत नाही. तोडणी झालेल्या फडात पाचट पेटविलेले असेल तर तेही हेच सांगते. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी असते. शिवारात हे काम गुऱ्हाळवाला नकळत करतो. धूर नसेल तेव्हा पाण्याकडे पाहावे: तळ्याच्या ज्या काठालगत पाणी गुळगुळीत असते त्या बाजूने वारा येत असतो.

तारांचे काय? शिवारात उतरताना झालेल्या अपघातांत तारांइतके दगाबाज दुसरे काही नाही, कारण तार वरून दिसतच नाही. दिसतात ते खांब, आणि खांबही दिसतात ते त्यांच्या सावल्यांमुळे. डोक्यावर सूर्य असेल तर सावल्याही आखूड. यावर उपाय एकच, तर्काने चालणे. विहीर दिसली की तिच्यावर मोटार आहे, मोटार आहे म्हणजे वीज आहे, आणि वीज आहे म्हणजे रस्त्यापासून विहिरीपर्यंत कोठून तरी तार आलेली आहे. शेतातल्या एकट्या घराचेही तसेच. दौंड-शिरूरच्या बागायती पट्ट्यात विहीर नसलेले शिवार शोधणे म्हणजे घोडनदीच्या बाजारात तराजू नसलेले दुकान शोधण्यासारखे आहे. तेव्हा तार कोठे नाही हे शोधण्यापेक्षा ती कोणत्या बांधावरून जाते हे ओळखून तिला समांतर उतरणे शहाणपणाचे.

शिरूरकडची वाट वेगळी. लोहगावच्या विमानतळाचे आकाश वाहते असल्याने हडपसरहून थेट ईशान्येला जाता येत नाही. आधी पूर्वेला सरकावे लागते, मग भीमा ओलांडून उत्तरेला. नगर रस्त्यावर शिक्रापूर, रांजणगाव गणपती आणि मग शिरूर. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचे पत्र्याचे विस्तीर्ण छप्पर तापून झकास झोत देते. कारखान्यांचा हा एक उपयोग त्यांच्या मालकांच्या ध्यानीही नसेल. पलीकडे माळ लागतो. मुरमाड, उघडा, मधूनमधून बाभळी, कोठे मेंढ्यांचा कळप. अशा माळावर ग्लायडर उतरविण्यास जागा पुष्कळ, असे वरून वाटते. खाली आल्यावर दगड दिसू लागतात, ओघळ दिसू लागतात, आणि उतार दिसू लागतो. उतार वरून कधीच नीट कळत नाही. तीनशे मीटरांवरून जो उतार स्पष्ट दिसतो तो प्रत्यक्षात फारच तीव्र असतो, असे समजून चालावे लागते. अशा ठिकाणी वाऱ्याचा विचार मागे ठेवून चढाच्या दिशेने उतरण्याचा प्रघात आहे. उताराच्या दिशेने उतरलेले ग्लायडर जमीनच खाली खाली जात असल्याने टेकत नाही, तरंगत बांधापर्यंत जाते.

चासकमानच्या आणि घोड धरणाच्या कालव्यांनी शिरूर तालुक्याचाही मोठा भाग आता ओलिताखाली आणला आहे. न्हावरे, मांडवगण फराटा या बाजूला ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. संध्याकाळी त्या फडाशेजारी उतरलेल्या वैमानिकाने ग्लायडरपाशी एकट्याने रात्र काढण्याचा बेत न केलेला बरा. विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खरी: पन्नास वर्षांपूर्वीचा जिरायती शिरूर-दौंड आकाशातून एक मोठे मैदान होता. पाण्याने शेतकऱ्याचे दैन्य कमी केले आणि त्याच पाण्याने, विजेने, शेडनेटने, कांद्याच्या चाळींनी, रस्त्यालगतच्या गोदामांनी इंजिनाविना उडणाऱ्याची जागा तुकड्यातुकड्याने घेतली. याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आकाशातल्याला नाही. त्याने फक्त पूर्वीपेक्षा लवकर ठरवायला शिकले पाहिजे.

लवकर म्हणजे किती लवकर, याचे ठोकताळे ग्लायडिंगच्या शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या घोटले गेले आहेत. जमिनीपासून सहाशे मीटरांवर आले की उतरण्याजोगा प्रदेश पाहावा, म्हणजे डोंगर व ऊस सोडून मोकळ्या रानांकडे वळावे. साडेचारशे मीटरांवर त्यातले एक रान मुक्रर करावे. तीनशे मीटरांवर झोताचा शोध संपला असे समजावे आणि उतरण्याचा फेरा सुरू करावा. या तिसऱ्या टप्प्यावर मन सर्वांत जास्त बंड करते. नेमका तेव्हाच एखादा झोत पंखाला स्पर्श करून जातो, उंचीमापकाचा काटा क्षणभर वर थरथरतो, आणि घरी पोहोचण्याची आशा पालवते. वैमानिक एक घिरटी घेतो, मग दुसरी. वारा त्याला घिरटीबरोबर ठरविलेल्या रानापासून दूर वाहून नेतो. झोत विरतो. आता उंची दीडशे मीटर आहे, ठरविलेले रान आवाक्याबाहेर आहे, आणि खाली जे आहे ते त्याने कधी नीट पाहिलेलेच नाही. कांद्याचा भाव उद्या चढेल म्हणून चाळ न उघडणाऱ्या आणि मग सडका माल उकिरड्यावर टाकणाऱ्या माणसाची गोष्ट शिरूरच्या बाजारपेठेला नवी नाही. त्याचे नुकसान पैशाचे असते.

उतरण्याचा फेरा म्हणजे आयताच्या तीन बाजू. पहिली बाजू रानाच्या कडेने, वारा पाठीशी घेऊन. या वेळी वैमानिक उजवीकडे किंवा डावीकडे वाकून रानाचा शेवटचा तपास करतो: तार, दगड, गुरे, बांध. दुसरी बाजू रानाच्या पायथ्याशी आडवी. तिसरी बाजू वाऱ्याला सामोरे जात थेट रानाकडे. वारा जितका जोराचा तितकी पहिली बाजू लवकर संपवावी लागते, कारण तो ग्लायडरला रानापासून लांब ढकलत असतो आणि परत येताना तोच अडविणार असतो. इंजिनाच्या विमानाला उतरण जमली नाही तर शक्ती वाढवून पुन्हा वर जाता येते. ग्लायडरला हा फेरा एकदाच मिळतो.

म्हणून वैमानिक शेवटच्या बाजूला मुद्दाम थोडी जास्तीची उंची घेऊन येतो. त्याच्या हाती एअरब्रेक असतात. पंखांच्या पृष्ठभागातून उभ्या राहणाऱ्या फळ्या. त्या उघडल्या की पंखाचे उचलणे कमी होते व ग्लायडर झपाट्याने खाली येऊ लागते. मिटल्या की उतरण पुन्हा चपटी होते. अर्ध्या उघडलेल्या ब्रेकने येणे आदर्श मानतात, कारण मग दोन्ही बाजूंनी सुधारणेला वाव राहतो. फळ्या मिटल्याने गेलेली उंची परत मिळत नाही, पुढची उधळपट्टी तेवढी थांबते. समोरच्या काचेतून टेकण्याची जागा एकाच ठिकाणी स्थिर दिसत असेल तर हिशेब जुळतो आहे. ती काचेवर वर सरकू लागली तर ग्लायडर अलीकडेच पडणार. खाली सरकू लागली तर पलीकडे जाणार. ही खूण इतकी साधी आहे की नवशिक्यालाही दहा मिनिटांत समजते, आणि इतकी कठीण की घाईत जाणत्यालाही दिसत नाही.

जमिनीजवळ वारा मंदावतो. झाडे, बांध, घरे त्याला अडवतात. वाऱ्यावर भिस्त ठेवून आलेल्या ग्लायडरचा हवेतील वेग शेवटच्या वीस-तीस मीटरांत अचानक घटतो आणि ते दगडासारखे बसते. यासाठी वारा असेल त्याच्या निम्म्याइतका वेग आधीच जास्त ठेवण्याचा नियम आहे. वळिवाच्या दिवसांत हा नियमही पुरत नाही. मे महिन्यात नगरच्या बाजूने काळा ढग उठला आणि त्याच्यापुढे धुळीची भिंत चालत येऊ लागली की वाऱ्याची दिशा काही मिनिटांत फिरते. पश्चिमेला तोंड करून आखलेला फेरा मग वारा पाठीशी घेऊन संपतो, आणि उतरल्यावर थांबण्यास दुप्पट रान लागते. तो ढग दिसताच सर्व बेत सोडून जवळच्या चांगल्या रानात उतरलेला माणूस भित्रा ठरत नाही.

सर्वांत घातक प्रसंग मात्र रानापर्यंत पोहोचण्याआधी, शेवटच्या वळणावर घडतो. उशिरा निर्णय घेतलेला वैमानिक रानाच्या फार जवळून फेरा मारतो. वळण आखूड पडते, ग्लायडर रानाच्या रेषेपलीकडे जाऊ लागते. जमीन जवळ आल्यामुळे पंख जास्त तिरका करण्याची भीती वाटते, म्हणून तो पायाने सुकाणू दाबून नाक वळवू पाहतो आणि जमिनीपासून दूर राहण्यासाठी काठी नकळत मागे ओढतो. आतल्या बाजूच्या पंखाचा वेग आधीच कमी. त्याची हवेवरची पकड सुटते आणि ग्लायडर त्या बाजूला गिरकी घेत खाली जाते. हीच गिरकी आठशे मीटरांवर आली असती तर शिकाऊ वैमानिकानेही ती सोडविली असती. साठ मीटरांवर ती सोडविण्यास उंचीच नसते. अपघाताच्या चौकशीत कारण म्हणून शेवटचे वळण लिहिले जाते. खरे कारण त्याच्या कितीतरी आधी, चारशे मीटरांवर, हातच्या चांगल्या रानाकडे पाठ फिरविण्यात असते.

उतरणीची आखणी जमली तर काय साधते याचे जगप्रसिद्ध उदाहरण एका प्रचंड प्रवासी विमानाचे आहे, आणि त्याच्या मुळाशी वजनमापाची चूक आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ एकोणसत्तर माणसांना घेऊन निघाले. इंधनमापक बिघडलेले असल्याने इंधन हाताने मोजून भरले होते. कॅनडात तेव्हा पौंडांवरून किलोकडे संक्रमण चालू होते. हिशेबात पौंडांचा आकडा किलो म्हणून धरला गेला आणि विमानात हवे त्याच्या निम्म्याहून कमी इंधन पडले. उडत असतानाच दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान रॉबर्ट पिअर्सन हे ग्लायडर उडविणारे होते. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील जुना लष्करी विमानतळ ठाऊक होता. विमान तेथे पोहोचले ते जरूरीपेक्षा उंच. फेरा मारावा तर अंतर पुरेल याची खात्री नाही. सरळ यावे तर धावपट्टी ओलांडून जाणार. पिअर्सन यांनी ग्लायडरची युक्ती वापरली: सुकाणू एका बाजूला व पंख दुसऱ्या बाजूला झुकवून विमान तिरके घसरत आणले. वाऱ्याला विमानाची कूस आडवी गेली, वेग न वाढता उंची गेली. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा मेळावा भरला होता, हे त्यांना अगदी शेवटी दिसले. पुढचे चाक मोडले, नाक घासत गेले, आणि एकही जीव गेला नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात, २५ जुलै २०२२ रोजी एक लहान प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. त्यात एकटी शिकाऊ वैमानिक होती. ती किरकोळ जखमांवर बचावली. ते ग्लायडर नव्हते, तरी त्या घटनेने या मुलखाची एक ओळख पुन्हा झाली: आकाशातून काही खाली आले तर सर्वप्रथम धावून येतो तो शेजारच्या रानात काम करणारा माणूस.

बाहेर उतरलेल्या ग्लायडरच्या वैमानिकाचा खरा व्यवहार तेथूनच सुरू होतो. ग्लायडर पंधरा मीटर रुंद जागा व्यापून शेतात बसलेले असते. त्याने पिकाचे जे नुकसान केले ते बहुधा चाकाच्या एका ओळीएवढे. परंतु अर्ध्या तासात गाव लोटते, आणि हरभऱ्याचे किंवा कांद्याच्या रोपाचे वाफे माणसांच्या पायांखाली जातात. म्हणून वैमानिकाने पहिले काम करावे ते शेतमालकाला शोधून नमस्कार करण्याचे, आणि दुसरे, लोकांना बांधावरच थांबविण्याची विनंती त्याच्याकडूनच करवून घेण्याचे. नुकसान किती झाले हे मालकाने सांगावे व पाहुण्याने घासाघीस न करता द्यावे, अशी जगभरच्या ग्लायडिंगची रीत आहे. कापडाने मढविलेल्या जुन्या ग्लायडरांची आणखी एक काळजी घ्यावी लागे. त्या कापडाला लावलेल्या लेपाची चव गुरांना आवडते, आणि चहाला गेलेला वैमानिक परत येईतो गाय पंख चाटून फाडीत असल्याच्या कथा अनेक देशांत सांगितल्या जातात.

भारताने स्वतःची जी ग्लायडरे बनविली त्यांची नावे ऐकली तर शेतकऱ्याला ती परकी वाटू नयेत. नागरी विमान खात्याच्या दिल्लीतील तांत्रिक केंद्राने घडविलेले अश्विनी १९५८ साली उडाले. पुढे भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर आणि आर्द्रा, अशी नक्षत्रमाला तयार झाली. त्यांतील रोहिणी हे दोन माणसांनी शेजारी शेजारी बसण्याचे लाकडी ग्लायडर. १९६१ साली ते प्रथम उडाले, आणि पुढे त्याच्या शंभरावर प्रती निघून देशाच्या अनेक केंद्रांवर मुले त्यावर शिकली. शिरूरच्या जिरायती रानात रोहिणी, मृग, आर्द्रा हे शब्द पेरणीचे आहेत: रोहिणी पडल्या का, मृग निघाला का, आर्द्राने दगा दिला का.

तिकडे हडपसरला निरोप जातो. मोटारीमागे लांबट पेटीसारखा ट्रेलर जोडून मित्रमंडळी निघतात. सोलापूर रस्त्याने चौफुला, तेथून वाटेल तितके आत. पंखांच्या मुळाशी दोन खिळी असतात. त्या काढल्या की पंख अलगद सुटतात, चार माणसे ते खांद्यावर घेतात आणि बांध ओलांडतात. गावकऱ्यांचे हात यात हमखास लागतात. त्यांना सूचना एकच द्यावी लागते, पंखाच्या मागच्या पातळ कडेला धरू नका. काळोख पडेपर्यंत ग्लायडर पेटीत बंद होते. शेतमालक कंदील किंवा मोबाइलचा उजेड धरून चाकाच्या त्या ओळीशी उभा राहतो, किती रोपे गेली ते मोजतो, आणि बहुतेक वेळा वैमानिकाला विचारतो की इतके मोठे रान सोडून तुम्ही विहिरीच्या या अंगालाच का उतरलात. तेव्हा वैमानिक तारेकडे बोट दाखवितो.